घरचे काँक्रीट आणि त्याचे पाणी



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला, 'घरचे काँक्रीट'. चिटणिसांनी माणूस पाठवून पुन्हा एकदा विचारून घेतले. त्यांना मी दोष देत नाही. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून जागतिक राजकारणापर्यंत सर्व विषयांची चर्चा झाली, तेथे वाळू, खडी आणि घमेले घेऊन येणारा मनुष्य थोडा चमत्कारिक वाटणारच. परंतु व्याख्यान संपल्यावर आपण घरी जाल आणि ज्या छपराखाली निर्धास्त झोपाल, ते छप्पर बहुतेकांच्या बाबतीत काँक्रीटचेच आहे. तेव्हा त्याच्याविषयी एक तास खर्च करणे अगदीच वावगे होणार नाही.

मी इंजिनिअर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण दोन ठिकाणी झाले. दिवसा बांधकामावर गवंडी आणि बिगारी यांच्यात, आणि रात्री सार्वजनिक वाचनालयाच्या दिव्याखाली. मजुरीचा तंटा सोडवावयाचा तर आधी काम समजले पाहिजे, हे संघटनेत आल्यावर मला लवकरच कळून चुकले. म्हणून गवंड्याने सांगितलेले पुस्तकाशी ताडून पाहावयाचे, आणि पुस्तकात वाचलेले गवंड्याला विचारावयाचे, ही सवय मी लावून घेतली. आज जे सांगणार आहे ते त्या दोन्ही गुरूंचे आहे.

सर्व व्याख्यानाचे सार प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला मध्येच उठावे लागले तरी त्याचे नुकसान होणार नाही. काँक्रीटला पाणी दोनदा द्यावयाचे असते. कालवताना मोजून, जरुरीपुरतेच. आणि घट्ट झाल्यावर दिवसेंदिवस, सढळ हाताने. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट चालते. कालवताना नळी सोडून देतात आणि नंतर काँक्रीट उन्हात तहानलेले ठेवतात. असे का होते, याला शास्त्राचे कारण नाही. त्याचे कारण मजुरीच्या हिशेबात आहे, आणि म्हणूनच हा विषय माझ्यासारख्याच्या वाट्याला आला.

आधी सिमेंट म्हणजे काय ते पाहू. पूर्वी आपल्याकडे घाणीत चुना मळून बांधकाम होई. आज ज्याला पोर्टलंड सिमेंट म्हणतात, त्याचे पेटंट इंग्लंडमधील लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली घेतले. हा अ‍ॅस्पडिन व्यवसायाने गवंडी होता, हे मी आमच्या सभांतून मुद्दाम सांगत असतो. पोर्टलंड बेटावरील दगड त्या काळी इंग्लंडात नावाजलेला होता. आपले सिमेंट घट्ट झाल्यावर त्या दगडासारखे दिसते, म्हणून त्याने ते नाव दिले. आजचे सिमेंट त्याच्या सिमेंटाहून पुष्कळ वेगळे आहे. चुनखडी आणि माती यांचे मिश्रण सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजून, मग ते दळून हल्लीचे सिमेंट होते. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले.

आता एक समजूत प्रथम दूर केली पाहिजे. काँक्रीट 'वाळून' घट्ट होते असे पुष्कळांना वाटते. चिखल वाळून घट्ट होतो आणि पाणी लागले की पुन्हा चिखल होतो. काँक्रीटचे तसे नाही. सिमेंटचा कण आणि पाणी यांचा संयोग होऊन एक नवा पदार्थ तयार होतो, आणि तो वाळू व खडी यांना कवटाळून धरतो. हे काम पाण्यावाचून होत नाही. ही क्रिया पहिल्या दिवसात संपतही नाही; ती आठवडेच्या आठवडे चालू राहते. आमच्या माताभगिनींना हे समजावून सांगावयाचे तर मी लोणच्याचे उदाहरण देतो. लोणचे घातल्याबरोबर तयार होत नाही, ते मुरावे लागते. काँक्रीटही मुरावे लागते, आणि ते ओलाव्यात मुरते.

मग कोणी म्हणेल, पाण्यावाचून चालत नाही, तर कालवतानाच भरपूर घाला की! येथेच सर्व घोटाळा आहे. सिमेंटला आपले काम पुरे करावयास त्याच्या वजनाच्या साधारण चार-दशांश इतके पाणी पुरते. म्हणजे ५० किलोच्या गोणीला सुमारे २० लिटर. माल हलवता यावा, फरम्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचावा, म्हणून आपण थोडे जास्त घालतो, ते ठीक आहे. परंतु जे पाणी सिमेंटच्या उपयोगी पडत नाही ते मालात जागा अडवून बसते, आणि पुढे उडून गेले की त्या जागी पोकळी राहते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा लक्षावधी पोकळ्या म्हणजेच कच्चे काँक्रीट. अमेरिकेत शिकागो येथील लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्रॅम्स नावाच्या संशोधकाने याचे पुष्कळ प्रयोग केले आणि १९१८ साली त्याचा नियम प्रसिद्ध केला. सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त तितकी ताकद कमी, असा तो नियम. गोणीमागे ३० लिटर पाण्याऐवजी ३५ लिटर घातले, तर ताकद साधारण पाचव्या भागाने उतरते. पाच लिटर म्हणजे काय? अर्धी बादलीसुद्धा नव्हे.

ही अर्धी बादली घातली का जाते? कारण पातळ माल आपोआप पसरतो. घट्ट माल फावड्याने ओढावा लागतो, सळईने कुटावा लागतो, त्याला खांदे लागतात. स्लॅबचे काम उक्ते दिलेले असते, सूर्य कलण्याआधी पुरे करावयाचे असते, आणि माणसे मोजकीच आणलेली असतात. अशा वेळी पाणी हे सर्वांत स्वस्त बिगाऱ्याचे काम करते. मजूर आळशी म्हणून पाणी घालतो, असे जे म्हणतात त्यांनी एकदा दुपारच्या उन्हात चाळीस घमेली चढवून पाहावीत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपल्या परसात तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर जाड असा कोबा करावयाचा आहे असे धरा. एवढे काम घरची चार माणसे एका सकाळी करू शकतात. माल लागेल सुमारे ०.९ घनमीटर. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी, हे प्रमाण अशा कामाला चालते. सिमेंट लागेल साधारण सहा गोण्या. एका गोणीतील सिमेंट ३५ लिटर भरते. म्हणून ४० सेंटीमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ खोल अशी लाकडी पेटी करून घ्यावी; ती बरोबर ३५ लिटरची होते. एका गोणीला वाळूच्या दोन पेट्या आणि खडीच्या चार. अंदाजाने फावडी मारून प्रमाण राहत नाही. आपली गृहिणी पाकाला साखर मोजून घेते. छपराला आणि कोब्याला आपण अंदाज कसा चालवून घेतो, याचे मला नवल वाटते.

सिमेंटच्या गोणीवर ते कोणत्या आठवड्यात आणि महिन्यात तयार झाले ते छापलेले असते. ते वाचून घ्यावे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद बरीच कमी झालेली असते. गोणी जमिनीवर टाकू नये; फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. गोणीत बोटाने न फुटणारे खडे लागले तर ते सिमेंट कामाचे नाही.

वाळू नदीची असो की खडी दळून केलेली असो, तीत माती नसावी. याची परीक्षा घरी होते. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवावे आणि तीन तास ठेवून द्यावे. वाळूवर गाळाचा थर बसेल. शंभर भाग वाळूवर आठ भागांहून अधिक गाळ असेल तर वाळू धुऊन घ्यावी. कोकणपट्टीत आणि गोव्यात राहणाऱ्यांनी समुद्राची वाळू लोखंड असलेल्या कामात मुळीच वापरू नये. तिच्यातील मीठ सळया खाऊन टाकते. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. ओलसर वाळू फुगते. कोरड्या वाळूपेक्षा पाचव्या हिश्शाने, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे पेटी भरलेली दिसते, पण आत वाळू कमी असते. शिवाय त्या ओल्या वाळूबरोबर दर गोणीमागे चार-पाच लिटर पाणी न मोजता आलेले असते. तेवढे बादलीतून कमी करावे, आणि वाळू थोडी चढती मोजावी.

खडी काळ्या दगडाची, वीस मिलिमीटरपर्यंतची, तुटक कोपऱ्यांची असावी. धुळीने माखलेली असेल तर धुऊन घ्यावी, कारण धुळीला सिमेंट चिकटते, दगडाला नाही.

हाताने कालवावयाचे असेल तर मातीवर कालवू नये. पत्रा किंवा पक्की फरशी घ्यावी. प्रथम वाळू आणि सिमेंट कोरडेच, सर्वत्र एकच रंग येईपर्यंत परतावे. मग खडी घालून पुन्हा परतावे. मग मध्ये आळे करून पाणी थोडे थोडे घालावे. हाताने कालवताना सिमेंट दहा टक्के जास्त घेण्याचा प्रघात आहे, तो पाळावा. मिक्सर भाड्याने मिळाला तर उत्तमच. त्यातही सर्व जिन्नस पडल्यावर निदान दोन मिनिटे फिरू द्यावा.

आणि पाणी? पंधरा लिटरच्या दोन बादल्या एका गोणीला. भारतीय मानक ४५६ या प्रसिद्ध नियमावलीत एम १५ प्रतीच्या काँक्रीटला गोणीमागे ३२ लिटर आणि एम २० प्रतीला ३० लिटर ही मर्यादा दिली आहे. बादली ठरवून ठेवावी आणि नळी दूर नेऊन टाकावी. माझी एवढीच विनंती तुम्ही ऐकली, तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असे मी समजेन. पोळीच्या कणकेत पाणी जास्त झाले तर पीठ घालून सावरता येते. येथे सावरता येत नाही. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात माल जागेवर पडला पाहिजे. आवळत आलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो 'जिवंत' करण्याची चाल आहे. ती सोडून द्यावी.

माल ओतण्यापूर्वी खालची जमीन मुरूम घालून धुम्मसाने चोपलेली असावी, आणि आदल्या दिवशी भिजवलेली असावी. कोरडी जमीन मालातले पाणी पिऊन टाकते. परंतु डबकीही नसावीत. माल पडला की तो कुटावा. कोपऱ्यातून, कडेकडेने सळई खुपसून आत अडकलेली हवा बाहेर काढावी. शंभरात पाच भाग हवा आत राहिली तर ताकद सुमारे तीस टक्क्यांनी उतरते. कुटणे हे शोभेचे काम नव्हे, ते यासाठी. तीन मीटरपेक्षा मोठा चौक एकसंध ठेवू नये. मध्ये पट्टी घालून सांधा ठेवावा. काँक्रीट आकसताना तडकणारच. ते आपण आखलेल्या रेषेवर तडकावे एवढीच युक्ती आपल्या हाती असते. आणि पाणी वाहून जाण्यासाठी दर मीटरला दीड-दोन सेंटीमीटर ढाळ द्यावा.

मग पाटा ओढून पातळी घ्यावी आणि थांबावे. थांबणे हेच गवंड्याचे कसब आहे. थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाणी सुटते, घाम फुटल्यासारखे. ते पाणी असताना थापी चालविली, तर वर नुसते सिमेंटचे दूध येते आणि पुढे त्याचे पापुद्रे निघतात. घाई असली की लोक त्या पाण्यावर कोरडे सिमेंट शिंपडतात. दिसावयास काम गुळगुळीत दिसते, पण वर्षभरात साय निघावी तशी वरची साल निघते. चमक जाऊ द्यावी. अंगठा दाबला तर थोडाच ठसा उमटावा, पण माल हाताला लागू नये. तेव्हा लाकडी रंधा मारावा आणि मग थापी. अंगणातला कोबा फार गुळगुळीत करू नये. पावसाळ्यात म्हातारी माणसे घसरतात. शेवटी मऊ झाडूने आडव्या रेघा ओढाव्यात.

येथपर्यंतचे काम सर्वांना दिसते. गवंडी हत्यारे धुतो, मालक चहा देतो, शेजारी येऊन "छान झाले" म्हणून जातात. आणि काँक्रीटचे खरे आयुष्य येथून पुढे सुरू होते.

हे वसंताचे दिवस. दुपारचा वारा झळा घेऊन येतो. अशा दिवसांत माल सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर टाकावा, वर सावली करावी. वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नसतो, म्हणून ताडपत्री जवळ ठेवावी. संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग बोट न रुतण्याइतका कठीण झाला की ओले गोणपाट पसरावे. दुसऱ्या दिवशी मातीची किंवा कमकस मालाची आळी करून दोन-तीन सेंटीमीटर पाणी तुंबवून ठेवावे. किती दिवस? साध्या सिमेंटला निदान ७ दिवस. परंतु हल्ली बाजारात पुष्कळसे सिमेंट औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेले असते. ते चांगले असते, मात्र सावकाश मुरते. त्याला निदान १० दिवस, आणि जमेल तर १४. सकाळ-संध्याकाळ नळीने शिडकावा केला म्हणजे झाले, असे नाही. मधल्या वेळेत ते वाळले की आतली क्रिया थांबते. ओले राहिले पाहिजे, म्हणजे सतत ओले. काँक्रीटची परीक्षा २८ दिवसांच्या ताकदीवर करतात. नीट पाणी मिळाले तर सातव्या दिवशी त्यातील सुमारे दोन-तृतीयांश ताकद आलेली असते. जे काँक्रीट पहिल्यापासून कोरड्या हवेत राहिले, त्याची ताकद ओल्या ठेवलेल्या काँक्रीटच्या मानाने पुढे जवळजवळ निम्मीच भरते. सिमेंट तेच, वाळू तीच, गवंडी तोच, आणि ताकद निम्मी!

दुष्काळी भागातले श्रोते म्हणतील, येथे प्यावयास टँकर येतो, कोब्याला पाणी कोठून आणू? त्यांचे म्हणणे खरे आहे. आपल्या नऊ चौरस मीटरच्या कोब्यावर तीन सेंटीमीटर पाणी तुंबवावयास २७० लिटर लागतात. त्याऐवजी गोणपाट भिजवून त्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि कडा विटांनी दाबाव्यात. ओल आतच राहते, आणि दिवसाकाठी दोन-चार बादल्यांत काम भागते. पाणी वाया घालवू नका, काँक्रीटला सुकूही देऊ नका; दोन्ही साधते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. हे सर्व पुस्तकात लिहिलेले आहे, गवंड्यांना तोंडपाठ आहे, मग होत का नाही? काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. गावाचे व माणसाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका इमारतीचा स्लॅब पहिल्याच पावसात गळू लागला. कंत्राटदाराने अकरा जणांची मजुरी अडवून धरली. म्हणे तुम्ही काम वाईट केले. प्रकरण आमच्याकडे आले. आम्ही वाद घातला नाही. फक्त हजेरीपुस्तक मागितले. स्लॅब टाकला त्या दिवशी सव्वीस नावे होती. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तिसऱ्या दिवशी नाही, सातव्या दिवशी नाही. मी विचारले, "या सात दिवसांत पाणी कोणी मारले?" उत्तर आले, "वॉचमनने." वॉचमनला बोलावले. तो म्हणाला, "साहेब, पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे नसते." मजुरी त्याच संध्याकाळी मिळाली.

तेव्हापासून मी हजेरीपुस्तकाला काँक्रीटच्या परीक्षेचे एक साधन मानतो. ज्या कामाला हजेरी नाही, ते काम कोणाचेच नसते. स्लॅब टाकण्याचा दर ठरलेला असतो, सेंटरिंगचा ठरलेला असतो, सळई बांधण्याचा ठरलेला असतो. पाणी मारण्याचा दर बहुतेक करारांत नसतो. ते काम घरची म्हातारी, वॉचमनची बायको किंवा शेजारचे पोर यांच्यावर सोपविले जाते. म्हणजे ज्या कामावर निम्मी ताकद अवलंबून, ते काम फुकट! अशा फुकटच्या कामाचे जे व्हावयाचे तेच होते.

रविवारची तर आणखीच मौज आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, आणि आम्ही कामगार कार्यकर्ते त्यांचे ऋण विसरत नाही. परंतु काँक्रीटला रविवार माहीत नाही. शनिवारी स्लॅब पडला की रविवारी तो उन्हात एकटा असतो. मजुराची सुट्टी मोडावी असे मी म्हणणार नाही. मालकाने त्या दिवशी धोतर वर खोचून, नाहीतर विजारीच्या बाह्या दुमडून, स्वतः वर जावे आणि पाणी मारावे. त्यात कमीपणा नाही. आपल्या घराची ओळख त्यानेच होते.

हे सारे किती महत्त्वाचे आहे, ते दोन भूकंपांनी दाखवून दिले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती हजारो माणसांवर कोसळल्या. त्यानंतर लोकांच्या मनाने घेतले की दगड वाईट, सिमेंट चांगले. मग २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला. दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबाद शहरात काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. कारणे एकाहून अधिक होती. तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेला, सळयांची बांधणी सदोष, आणि काही ठिकाणी काँक्रीटच कमकस. सिमेंट वापरले म्हणून घर पक्के होत नाही. ते कसे कालवले, कसे कुटले आणि किती दिवस ओले ठेवले, याने ते पक्के होते.

म्हणूनच घरच्या घरी काय करावे आणि काय करू नये याची मर्यादा सांगून ठेवतो. कोबा, पायरी, ओटा, झाडाचा पार, कुंपणाच्या खांबाचा पाया, एवढे खुशाल करा. स्लॅब, खांब, तुळई, जिना, पाण्याची टाकी आणि विशेषतः सज्जा यांच्या वाटेला इंजिनिअरशिवाय जाऊ नका. सज्जात मुख्य सळई वरच्या बाजूस असते, कारण तो एका बाजूने लोंबता असतो आणि वरून फाटू पाहतो. माल ओतताना माणसे त्या सळईवर चालली की ती खाली दबते. वरून काहीच दिसत नाही. फळ्या काढल्या की सज्जा माणसांसकट खाली येतो, आणि तेव्हा खाली फळ्या काढणारा मजूरच उभा असतो. फळ्या काढण्याचीही घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू निदान ७ दिवस आणि त्याहून लांब स्लॅबचे १४ दिवस हलवावयाचे नाहीत, असा त्याच मानकाचा नियम आहे.

एक शेवटची गोष्ट हातांची. ओले सिमेंट अंगाला जाळते. लगेच कळत नाही, संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांतून भेगा पडलेल्या दिसतात. माल कालवणाऱ्या बायांचे हात एकदा पाहा. त्या रात्री भाकरी थापताना काय होत असेल याचा विचार करा. पुरुषाइतकेच काम बाईला पुरुषाइतकीच मजुरी, असा कायदा १९७६ साली झाला; घमेले वाहणाऱ्या बाईला आजही पुष्कळ ठिकाणी कमीच मिळते. आपल्या घरी काम निघेल तेव्हा निदान रबरी हातमोजे आणि बूट आपण आणून ठेवा. सिमेंटच्या एखाद-दुसऱ्या गोणीएवढाही खर्च होणार नाही. स्वतः कालवणार असाल तर स्वतःही घाला. डोळ्यांत शिंतोडा उडाला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा.

आणि करार लिहाल तेव्हा त्यात एक ओळ माझ्यासाठी घाला: 'पाणी मारणे, १० दिवस, एक माणूस, रोजची मजुरी अमुक.' ही ओळ लिहून आपण कोणावर उपकार करीत नाही. आपल्या घराची जी निम्मी ताकद आजवर नुसत्या भरवशावर सोडलेली होती, ती आपण रोख पैसे देऊन विकत घेतो. आणि त्या माणसाला त्या दहा दिवसांची हजेरी मिळते. मालक आणि मजूर यांचे हित एकाच ओळीत येते, असा प्रसंग माझ्या आयुष्यात फार थोडा आला; म्हणून तो या व्यासपीठावरून सांगावासा वाटला.